आधी मोजा, मग उघडा

भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडी नाक्यावरून वाड्याच्या कारखान्यांचा आणि भिवंडीच्या गोदामांचा माल रात्रंदिवस जात असतो. या पट्ट्यातल्या गॅरेजांत ‘गाडी लोड ओढत नाही’ ही नेहमीची तक्रार. त्यावरचा उपायही ठरलेला : आधी नोझल, मग पंप, मग टर्बो आणि तरीही फरक पडला नाही तर इंजिन खाली. मोजमाप घेतल्याशिवाय यातल्या कशालाही पाना लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिले मोजमाप वजनाचे. 2018 मध्ये केंद्र सरकारने दहाचाकी ट्रकची एकूण वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर नेली. शंभर मीटरला चार मीटर चढणाऱ्या खराब रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरचा वेग टिकवायला 25 टनांच्या गाडीला चाकांपाशी साधारण 139 अश्वशक्ती लागते, तर 28.5 टनांच्या गाडीला 158. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट धरली, तर 180 अश्वशक्तीचे निरोगी इंजिनही इथे शिकस्त करत असते. म्हणून काटापावती पाहिल्याशिवाय इंजिनला दोष देणे अन्यायाचे आहे. तसेच चिकटून चालणारे ब्रेक, घसरणारा क्लच आणि कमी हवेचे टायर इंजिनची ताकद वाटेतच खातात. थोडे अंतर चालवून आणलेल्या गाडीच्या एखाद्याच ड्रमजवळ हात नेताच धग लागली, तर दुखणे कुठे आहे ते तिथेच कळते.

त्यानंतर पाहायची हवा आणि डिझेल. जुन्या गाडीत चढावर काळा धूर येत असेल, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. धूर नाही आणि ओढही नाही, तर बहुधा डिझेलच पुरेसे पोहोचत नाही. उखडलेल्या रस्त्याच्या धुळीने एअर क्लीनर लवकर भरतो. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होजची क्लॅम्प सैल झाली, तर दाब निसटतो आणि सांध्याभोवती तेलकट, धूळ धरलेला डाग दिसतो. तो न पाहता टर्बो बदलला, तर मालकाचे हजारो रुपये जातात आणि तक्रार तशीच राहते.

‘अनुभवी कानाला यंत्र कशाला?’ असे अनेक उस्ताद विचारतात. तो कान मोलाचा आहेच. पण एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत काजळी डीपीएफमध्ये अडते आणि नळीतून धूर दिसत नाही. युरिया संपला किंवा त्याचा दर्जा बिघडला, तर संगणक स्वतःच इंजिनची ओढ कमी करतो. हे कानाला ऐकू येत नाही. दुसरीकडे, स्कॅनर सगळे सांगतो हा समजही तितकाच घातक आहे. ‘बूस्ट कमी’ हा कोड लक्षण सांगतो. कारण टर्बो आहे, होज आहे की सेन्सरची वायर, ते माणसानेच शोधायचे असते. तिसरा आक्षेप वेळेचा. गाडी उभी राहिली की भाडे बुडते, हे खरे. पण काटापावती, ड्रमची धग, फिल्टर, होज आणि डिझेलच्या नळीतले बुडबुडे तपासायला जेमतेम तासभर लागतो. विनाकारण उतरवलेले इंजिन कित्येक दिवस अडकवते.

तपासणीचे पैसे कोणी देत नाही, ही मेकॅनिक बांधवांची अडचण खरी आहे. त्यावर उपायही आपल्याच हातात आहे : बिलात तपासणीची वेगळी ओळ लिहा आणि काम करण्याआधीचे व नंतरचे आकडे मालकाच्या हाती द्या. आकडे दिसले की मालक पैसेही देईल आणि पुढच्या वेळी तुमच्याकडेच येईल. पंप वाढवून धूर काढत गाडी पळवणारा कारागीर चार दिवस वाहवा मिळवतो, पण वाढलेल्या उष्णतेने पिस्टन आणि टर्बोचे आयुष्य तोडतो. या धंद्याची पत टिकवायची असेल, तर नेमके निदान हेच आपले पहिले काम मानले पाहिजे.