मॉरिशसची दिनदर्शिका

शासकीय सुट्ट्यांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच वाटांनी जाते. कोणत्या समाजाच्या पदरात किती पडल्या, आणि त्या रविवारला जोडून येतात का! उत्तर प्रदेश शासनाने २०१७ मध्ये पंधरा सुट्ट्या रद्द केल्या. त्यांतील बहुतांश थोर पुरुषांच्या जयंती-पुण्यतिथींच्या होत्या. त्या दिवशी शाळा बंद ठेवण्याऐवजी मुलांना त्या पुरुषाविषयी सांगावे, हा साधा विचार त्यामागे होता. तरीही गदारोळ झालाच.

हिंदी महासागरातील मॉरिशसची यादी या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखी आहे. लोकसंख्या बारा लाखांहून थोडी अधिक. सुमारे निम्मे हिंदू, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ख्रिस्ती, सतरा-अठरा टक्के मुसलमान. वर्षाला सुट्ट्या १५. महाशिवरात्री, दिवाळी, तमिळांची थैपुसम कावडी, तेलुगूंची उगादी आणि मराठी माणसांची गणेश चतुर्थी या पाच हिंदूंच्या. ईदची एक, चिनी नववर्षाची एक. ख्रिस्ती समाजाला नाताळ, आणि त्याशिवाय १५ ऑगस्टचा मरियम-स्वर्गारोहणाचा सण किंवा १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, एक वर्षाआड आलटून पालटून. या व्यवस्थेला तुष्टीकरण म्हणता येणार नाही आणि बहुसंख्याकांची दांडगाईही म्हणता येणार नाही.

यादीतील दोन दिवस तर कोणत्याच धर्माचे नाहीत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, त्याची आठवण १ फेब्रुवारीला. आणि १८३४ मध्ये हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर उतरले, त्यांची २ नोव्हेंबरला. आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेल्यांचे वंशज बहुतांशी ख्रिस्ती. बिहार, मद्रास आणि कोकणातून गेलेल्यांचे बहुतांशी हिंदू, काही मुसलमान. मात्र दोन्ही दिवशी सारा देश थांबतो. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरील त्या सोळा पायऱ्या चढून ज्यांचे पूर्वज आले नाहीत, त्यांनाही २ नोव्हेंबरची सुट्टी असते. स्वातंत्र्याचा दिवस १२ मार्च, म्हणजे दांडीयात्रेच्या प्रारंभाचाच.

मराठी वाचकाने गणपतीच्या सुट्टीची तारीख अवश्य पाहावी. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती आपल्याकडील चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आली. दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन ज्या दिवशी होते, तो हा दिवस. रत्नागिरीकडचा मजूर सोबत धनदौलत घेऊन गेला नव्हता. दीड दिवसाची रीत मात्र घेऊन गेला. दीडशे वर्षांहून अधिक काळानंतर एका सार्वभौम राष्ट्राच्या राजपत्रात तिला जागा मिळाली आहे. मुंबईतील दहा दिवसांच्या ध्वनिक्षेपकांनी हे जरा शांतपणे ऐकावे!

तथापि या चित्रात एक खोच आहे. हिंदूंच्या पाच सुट्ट्यांपैकी तीन भाषेच्या नावाने ओळखल्या जातात. तमिळ, तेलुगू, मराठी यांची गणना जनगणनेतही वेगळी होते. भाषेचा अभिमान योग्यच. पण राजकीय पक्ष या कप्प्यांकडे पाहूनच उमेदवारांची बेरीज मांडतात, हे तेथील निवडणुकांत उघड दिसते. आता उगादीचेच पाहा. चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे आपला पाडवा. यादीत नाव तेलुगू सणाचे असले, तरी त्या दिवशी मराठी घरही रिकामे असते. गुढी आणि उगादीची पचडी एकाच मंडपात यावी, यासाठी कोणत्याही शासनाच्या परवानगीची गरज नाही. तेथील मराठी आणि तेलुगू संस्थांनी एकत्र बसून ठरवले, तर येत्या प्रतिपदेलाच ते घडू शकेल.