फेलोशिप मैदानात मिळाली, टेबलावर अडली!



'पीएच.डी. करून काय दिवे लावणार?' असा सवाल डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहात केला. त्याला आपल्या पोरा-पोरींनी रस्त्यावर उतरून सडेतोड उत्तर दिले. पण संशोधकाची वाट अडवणारे सगळेच सभागृहात बसत नाहीत. काही जण काहीच बोलत नाहीत. ते फक्त 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या' एवढेच म्हणतात. मैदानात जिंकलेली फेलोशिप विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्या टेबलावर अडते, त्याबद्दल आपली चळवळ अजून पुरेशी बोललेली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

बाबासाहेबांचीही शिष्यवृत्ती संपली होती

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. हे आपण दरवर्षी जयंतीला सांगतो. पण पुढचे सांगत नाही. १९१७ साली ही शिष्यवृत्ती संपली, मुदतवाढ मिळाली नाही आणि लंडनचे संशोधन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तेव्हा त्यांच्या हातात एक महत्त्वाची गोष्ट होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची सवलत त्यांना लंडन विद्यापीठाकडून मिळाली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

यातून धडा काय? शिष्यवृत्ती मिळवणे ही एक लढाई आहे आणि ती शेवटपर्यंत टिकवणे ही दुसरी लढाई आहे. दुसऱ्या लढाईत विद्यापीठ विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहिले तर खंड पडूनही संशोधन पूर्ण होते.

पहिली लढाई आपण लढलो

बार्टीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्तीचा इतिहास ताजा आहे. २०२१ च्या तुकडीतले ८६१ संशोधक पात्र असताना शासन २०० वर अडून बसले. आझाद मैदानावर ठाण मांडल्यावर ८६१ जणांचा हक्क मान्य झाला. पुढे सर्व संस्थांसाठी 'समान धोरण' आले आणि पुन्हा २०० ची मर्यादा लादली गेली. २०२२ च्या ७६३ जणांना चाळणी परीक्षेला बसवले. २४ डिसेंबर २०२३ च्या त्या परीक्षेत २०१९ च्या सेटची प्रश्नपत्रिकाच पुन्हा दिली गेली! १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घेतली, तर तिथे प्रश्नपत्रिकांना सील नसल्याचे आक्षेप आले. मग ५० टक्के रक्कम देऊ म्हणाले. त्याविरुद्धही पोरे लढली आणि १०० टक्के पदरात पाडून घेतली.

या लढ्याला क्रांतिकारी जय भीम. पण मंजुरीच्या यादीत नाव आले म्हणजे बँक खात्यात पैसे आले, असे होत नाही.

दुसरी लढाई टेबलाची

ज्यांनी फेलोशिप घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विद्यार्थी संशोधन करत असल्याची खात्री दर महिन्याला संस्थेने पोर्टलवर द्यावी लागते. एक कर्मचारी माहिती भरतो, त्याला 'मेकर' म्हणतात. दुसरा ती तपासून पुढे पाठवतो, तो 'चेकर'. दोघांपैकी एक रजेवर गेला की त्या महिन्याचे पैसे लटकले. दोन वर्षांनंतर समितीसमोर कामाचे मूल्यमापन होऊन जेआरएफचे एसआरएफ होते. २०२३ पासून हा फरक महिना ३७,००० आणि ४२,००० असा आहे. समितीची बैठकच वेळेवर लागली नाही तर दरमहा ५,००० चा प्रश्न उभा राहतो. याशिवाय घरभाड्यासाठी वसतिगृह मिळाले नसल्याचा दाखला, सहामाही प्रगती अहवाल, आकस्मिक खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र. प्रत्येक कागदावर गाईड, विभागप्रमुख आणि प्राचार्य किंवा कुलसचिव यांची सही आणि शिक्का हवा.

त्यात योजनेचे कार्यालयही बदलते. अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय फेलोशिपचे वाटप २०२२ मध्ये यूजीसीकडून राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाकडे गेले. तक्रार कुठे करायची, जुना अर्ज कुठे पडून आहे, हे शोधण्याचे काम कोणाच्या माथी? त्याच संशोधकाच्या!

प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला हे सगळे जेवणाच्या ताटावर कळते. कोणता फॉर्म, कोणते टेबल, कोणाला फोन करायचा, हे त्याचा काका सांगतो. आमच्या शिरड शहापूर, औंढा, वसमत भागातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुलीचे आईबाप हळद काढणीला आणि ऊसतोडीला जातात. तिला कोण सांगणार? एका सहीसाठी नांदेडला विष्णुपुरीला जायचे म्हणजे गाडीभाडे गेले, दिवस गेला. पूर्णवेळ फेलोशिप घेताना दुसरी पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे फेलोशिप थांबली की घरातली चूल थांबली. चार महिने पैसे आले नाहीत तर ती गाव गाठते, वर्षभरात तिचे लग्न लावून देतात आणि दप्तरी नोंद होते, 'उमेदवाराने संशोधन सोडले'. सोडले की सोडायला लावले?

दुधाळ्याला प्रयोगशाळा येते, आपल्या वस्तीत काय येते?

आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा प्रकल्प होतो आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्याला २,६०० कोटी मंजूर केले. शेजारी वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झाले आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटींची भाषा झाली. आनंद आहे. विज्ञानाला आमचा विरोध नाही, आम्ही बाबासाहेबांची माणसे आहोत.

पण या पैशासाठी प्रस्ताव कोण लिहिणार? आयआयटी मुंबईत प्रायोजित संशोधनाचे व्यवहार सांभाळायला आयआरसीसी नावाचे स्वतंत्र केंद्र आहे. तिथला प्राध्यापक विज्ञान बघतो, हिशेबाला केंद्र मदत करते. आमच्याकडच्या महाविद्यालयातला संशोधक प्रस्तावही स्वतः लिहितो, कोटेशनही स्वतः आणतो आणि लेखापरीक्षणाचा खुलासाही स्वतःच देतो. अशा शर्यतीत मोठ्या संस्था जिंकणारच, आणि मग 'तुमच्यात गुणवत्ता नाही' हा शिक्का पुन्हा आमच्याच कपाळावर.

यूजीसीने मार्च २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांत संशोधन व विकास कक्ष स्थापन करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण पाटी लावली म्हणजे कक्ष होत नाही. तिथे पूर्णवेळ माणूस बसतो का, हा खरा प्रश्न.

'डॉक्टर होणाऱ्याला फॉर्म भरता येत नाही का?'

असे कुत्सितपणे विचारणारे आहेत. काहींना यात लाड दिसतात. त्यांना उलट प्रश्न आहे. कुलगुरू स्वतःचा प्रवासभत्ता स्वतः भरतात का? मंत्री फाईलवर टिपणी स्वतः लिहितात का? मोठ्यांना मिळतो तो 'कार्यालयीन सहाय्य' आणि आमच्या लेकरांनी मागितला तर 'लाड'? शिवाय ही मागणी फक्त अनुसूचित जातींच्या संशोधकांची नाही. सारथी, महाज्योती, टीआरटीआयच्या विद्यार्थ्यांचेही हेच हाल आहेत. कुणब्याच्या, धनगराच्या, आदिवासीच्या मुलाचा कागदही त्याच टेबलावर अडतो.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक विद्यापीठात आणि संशोधन केंद्रात पूर्णवेळ कर्मचारी असलेला फेलोशिप व अनुदान सहाय्य कक्ष हवा.

२. सही, दाखला, मासिक खात्री यांना ठरावीक मुदत हवी. मुदत चुकली तर जबाबदारी कर्मचाऱ्याची, विद्यार्थ्याची नव्हे.

३. शासनाकडून पैसे उशिरा आले तर विद्यापीठाने स्वनिधीतून आगाऊ रक्कम द्यावी आणि नंतर वळती करून घ्यावी.

४. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात महिन्यातून एक दिवस विद्यापीठाने शिबिर घ्यावे. अर्ज, अहवाल, प्रस्तावलेखन यांची मदत मराठीतून मिळावी.

५. किती अर्ज आले, किती अडले, कोणत्या टेबलावर किती दिवस राहिले, याचा अहवाल प्रवर्गनिहाय दरवर्षी प्रसिद्ध करावा.

यातल्या एकाही मागणीला २,६०० कोटी लागत नाहीत. इच्छा लागते.

आता आपण काय करायचे?

आपापल्या संशोधन केंद्राला माहितीच्या अधिकारात विचारा. मेकर कोण, चेकर कोण, मागच्या वर्षी किती महिने खात्री उशिरा गेली? अधिसभेच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला हेच विचारा. ज्यांची फेलोशिप पूर्ण झाली आहे त्यांनी तालुक्यातल्या एका तरी नव्या संशोधकाचे कागद हाती घ्यावेत. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणजे फक्त वर्गणी नव्हे.

मराठवाड्याने विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढा दिला. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांनी प्राण दिले. १९९४ साली नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडलाही विद्यापीठ आले. विद्यापीठाच्या दारावर आपले नाव लागले. आता दाराच्या आतली टेबले आपल्या लेकरांसाठी चालली पाहिजेत. ती चालेपर्यंत नामांतराची लढाई संपली असे समजू नका.

जय भीम! जय संविधान!

शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली