वेडाचा पुरावा कोणी जपायचा?

खुनाच्या खटल्यात मनोविकलतेचा बचाव घेतला गेला, की वाचकांच्या पत्रव्यवहारापासून सरकारी विश्रामगृहातील गप्पांपर्यंत एकच शेरा ऐकू येतो : 'वेडाचे सोंग घेतले की खून पचतो.' असे म्हणणाऱ्यांत पोलीस अधिकारी असतात, दंडाधिकारी असतात आणि माझे सनदी सहकारीही असतात. मला हा शेरा साफ अमान्य आहे. वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे चाळले तर हा बचाव सहजासहजी टिकत नाही, हेच दिसते. पुष्कळदा तो कोसळतो तो पुराव्याअभावी. आणि हा पुरावा ज्या घटकेला गोळा व्हायला हवा, त्या घटकेला आरोपी शासनाच्या ताब्यात असतो.

आधी कायदा पाहू. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान पील यांच्या खासगी सचिवाला गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपला छळ करीत आहे, या भ्रमाने त्याला पछाडले होते. तो निर्दोष सुटल्यावर गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी उमरावांच्या सभागृहापुढे जे नियम मांडले, त्यांचीच छाया १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ वर पडली. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्याला कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, किंवा ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, त्याचे कृत्य अपराध नव्हे. ऑगस्ट २०२३ च्या विधेयकात 'मानसिक आजार' असा शब्द आला होता. तो मागे घेऊन जुनाच शब्द कायम झाला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये तीच कसोटी उभी आहे.

यात 'कृत्य करतेवेळी' हे शब्द कळीचे आहेत. आजार आधी होता, नंतरही होता, एवढे पुरत नाही. त्या क्षणाची मनःस्थिती दाखवावी लागते. ती दाखवण्याचा भार आरोपीवर. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम १०५ हेच सांगत होते, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०८ हेच सांगते. १९६४ साली गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भार दिवाणी दाव्याइतकाच हलका आहे, असे स्पष्ट केले. पण १९७२ साली महाराष्ट्रातील खटल्यात हेही बजावले, की हेतू सिद्ध झाला नाही किंवा आरोपी पळून गेला नाही, एवढ्यावरून वेड सिद्ध होत नाही. मग सिद्ध व्हावे तरी कशावरून?

घटनेनंतर आरोपीला प्रथम पाहतात ते पोलीस. चोवीस तासांत तो दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहतो. त्याआधी किंवा त्याच सुमारास सरकारी डॉक्टर त्याला तपासतात. अटकेनंतरची ही तपासणी कायद्याने सक्तीची आहे. पण तिचा रोख शरीरावरच्या जखमांवर आणि मारहाणीच्या खुणांवर. मनाच्या खुणांसाठी त्यात जागाच नाही. पुढे महिने लोटतात, कारागृहात औषधे सुरू होतात, माणूस निवळतो. खटला उभा राहतो तेव्हा पिंजऱ्यात एक शांत, उत्तरे देणारा इसम असतो आणि सरकारी वकील विचारतात, 'यात वेडा कुठे दिसतो?'

२००२ साली महाराष्ट्रातीलच एका पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. १९९४ साली त्याच्या हातून पत्नीची हत्या झाली होती आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी धरले होते. तो वाचला, कारण त्याच्या आजाराचा आधीपासूनचा इतिहास नोंदलेला होता आणि अटकेनंतर त्याला वारंवार रुग्णालयात न्यावे लागल्याची नोंदही होती. आता याच जागी परप्रांतात विटा भाजणारा मजूर कल्पावा. त्याची भाषा ठाणेदाराला कळत नाही, तुरुंगाच्या डॉक्टरला कळत नाही. त्याचे नातलग हजार कोसांवर. उपचार झाले असतील तर देवऋष्याकडे. त्याने कोणता कागद आणावा? आपल्या भाषेच्या मुलखाबाहेर राहणाऱ्या वाचकांना ही असहायता वेगळी समजावून सांगायला नको.

२००७ साली राजस्थानातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले, की तपासात वेडाचा पूर्वेतिहास आढळला तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे प्रामाणिक तपासी अंमलदाराचे कर्तव्य आहे; ते न केल्यास खटल्यात गंभीर उणीव राहते. हे कर्तव्य अंमलदाराच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. पूर्वेतिहास 'आढळला तर' ही अटच घातक आहे. जो शोधत नाही त्याला काहीच आढळत नाही.

सोंगाची भीती मी नाकारत नाही. पण सोंग ओळखण्याचा उपायही हाच आहे. पहिल्या काही दिवसांत मनोविकारतज्ज्ञाने केलेले निरीक्षण सोंगाड्याला जितके महागात पडेल, तितकी दोन वर्षांनंतरची उलटतपासणी कधीच पडणार नाही.

मृताच्या नातलगांना न्याय कुठला, हा प्रश्नही रास्त आहे. पण या बचावाने सुटलेला माणूस थेट घरी जातो, हा गैरसमज आहे. कृत्य त्याच्याच हातून घडले की नाही, हे निकालपत्रात नमूद करावेच लागते. आणि घडले असेल तर त्याला सुरक्षित अभिरक्षेत ठेवायचे की हमी घेऊन आप्तांच्या स्वाधीन करायचे, हे ठरवावे लागते. खरी शोकांतिका या अभिरक्षेतच घडू शकते. आसाममध्ये १९५१ साली अटक झालेला एक आदिवासी तरुण खटला न चालताच २००५ पर्यंत कैदेत राहिला; १९६७ साली रुग्णालयाने तो बरा झाल्याचे कळवूनही. त्याच्यावर तर खुनाचा आरोपही नव्हता. त्याच्या फायलीला चोपन्न वर्षे वाली मिळाला नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. खुनाच्या प्रत्येक अटकेत ठरावीक मुदतीत, आरोपीच्या भाषेतील दुभाषासह, मनोविकारतज्ज्ञाची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल दोषारोपपत्रासोबत जोडावा. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहात मानसिक आरोग्य आस्थापना उभारण्याचे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे कलम १०३ कागदावरून जमिनीवर उतरावे. आणि अभिरक्षेतील प्रत्येक व्यक्तीची नोंद जिल्हा स्तरावर ठेवून तिचा ठरावीक काळाने आढावा घ्यावा. कारागृहाचा पदसिद्ध अभ्यागत या नात्याने जिल्हाधिकाऱ्याने त्या नोंदवहीवर सही करावी.

तज्ज्ञ अपुरे आहेत, हे मला ठाऊक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाखामागे ०.०५ तर केरळात १.२ मनोविकारतज्ज्ञ आढळले होते. परंतु माणसे कमी असणे ही शासनाची अडचण आहे. तिची किंमत आरोपीने जन्मठेपेने का चुकवावी? ज्याच्या अंगावरील जखमा मोजायला शासनाला डॉक्टर मिळतो, त्याच्या मनाची अवस्था टिपायलाही मिळालाच पाहिजे. ती टिपून ठेवल्याशिवाय त्याच्याकडे पुरावा मागण्याचा नैतिक अधिकार शासनाला पोहोचत नाही.