शोकांतिका मुलांना गाऊ द्या

कॉलेजच्या एकांकिका स्पर्धांत हल्ली प्रकाशयोजना असते, नेपथ्य असतं, ध्वनिमुद्रित पार्श्वसंगीत असतं. रंगमंचावर स्वतः गाणारं पोर मात्र क्वचितच दिसतं. ‘मुलांना झेपत नाही,’ असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलचा ‘डायडो अँड ईनियस’ हा ऑपेरा ज्यानं ऐकला आहे, त्याला ते पटूच नये.

1689च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सीत जोसायस प्रीस्ट हा नृत्यशिक्षक मुलींची निवासी शाळा चालवत होता. त्या मुलींनी हा शोकान्त ऑपेरा सादर केला. पर्सेलच्या हातची स्वरलिपी हरवली. शाळेच्या प्रयोगाची छापील संहिता मात्र उरली.

कार्थेजची राणी डायडो समुद्रावरून आलेल्या ईनियसला जीव लावते. देवाचा निरोप आला असं समजून तो निघतो. तिसरा अंक बंदरावर सुरू होतो. नांगर उचलताना खलाशी मजेत गातात : परत येऊ म्हणून बायकांची समजूत काढा आणि चला. त्याच अंकात राणी प्राण सोडते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की ज्या घरांचे डोळे समुद्राकडे लागतात, त्या रेवदंडा-मुरूडच्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

राणीच्या अखेरच्या गाण्याखाली खर्जातली एक छोटी ओळ अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली उतरते, संपते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशी अकरा वेळा. कथकच्या लेहऱ्यासारखी ती ढळत नाही. वरचा राणीचा आवाज मात्र तिच्याबरोबर थांबत नाही, ओळ संपली तरी पुढे जात राहतो. ऐकताना काळजात चर्र होतं.

गात-गात रडवणं आपल्याला नवं नाही. ‘एकच प्याला’ 1919चं. बालगंधर्वांची सिंधू घराघरांत पोचली होती. आणि विषयांना काय तोटा? त्याच 1689 साली राजाराम महाराजांना गडाबाहेर काढून येसूबाई बाळ शाहूंसह रायगडावर थांबल्या आणि गड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या. यावर संगीत शोकांतिका विद्यार्थ्यांनीच रचावी.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे : यंदा गाणारी मुलं हेरा आणि पेटी-तबला प्रेक्षकांसमोर बसवा. ‘डायडो’ जेमतेम तासाभराचा आहे. तालमी आतापासून धरल्या तर स्नेहसंमेलनापर्यंत उभा राहील.