जुना काळ आणि नवा कॅमेरा

मायकेल मॅन यांच्या ‘पब्लिक एनिमीज’ (२००९) या चित्रपटावर कित्येक रसिकांचा असा आक्षेप आहे कीं, १९३३-३४ सालची अमेरिका डिजिटल कॅमेऱ्यानें टिपल्यामुळें ती जुनी न वाटतां कालपरवांची वाटते. हें वर्णन खरें. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. जॉन डिलिंजर या दरोडेखोरास आपला काळ कधीं जुना वाटला होता काय? धूसर सोनेरी प्रकाश ही गतकाळाची खूण नव्हे. ती आपल्या चित्रपट पाहण्याच्या संवयीची खूण होय. विस्कॉन्सिनमधील ज्या लिटल बोहेमिया लॉजवर एप्रिल १९३४ मध्यें खरी चकमक झाली, तेथेंच मॅन यांनीं ती चित्रित केली. त्या काळोखांत बंदुकीची ज्वाळा डोळे दिपविते, आणि गोळी लागलेला मनुष्य दंतकथेंतला न राहतां नुसता मरतो. गुन्हेगारास तेजोवलय देणें हें असल्या चित्रपटांचें जुनें पाप. २२ जुलै १९३४ रोजीं डिलिंजर शिकागोच्या बायोग्राफ चित्रगृहांत गुंडाचाच बोलपट पाहून बाहेर पडला, आणि जवळच्याच गल्लीच्या तोंडाशीं सरकारी अंमलदारांच्या गोळ्यांनीं मारला गेला. पडद्यावरचें तें तेज आणि रस्त्यावरचें हें रक्त यांतील अंतर ज्या कॅमेऱ्यानें दाखविलें, त्यास नांवें ठेवणें म्हणजे आरशावर रागावणें होय!