ट्रॅक्टरचा क्लच वारंवार का जळतो?



गळीत हंगाम सुरू झाला की कॅनॉलच्या चढाला नाहीतर फडाच्या तोंडाशी उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन अडकलेला ट्रॅक्टर दिसतोच. विचारावे तर उत्तर ठरलेले, "प्लेट गेली." मिस्त्री येतो, ट्रॅक्टर मधोमध फोडतो, नवी प्लेट टाकतो, आणि महिना होत नाही तो पुन्हा तेच रडगाणे. मग मालक कंपनीला शिव्या देतो आणि ड्रायव्हर मिस्त्रीला.

जळालेली प्लेट भंगारात टाकण्याआधी ती नीट पाहावी, असे आमचे मत आहे. सगळा पुरावा तिच्यावरच असतो. प्लेट तेलकट असेल तर इंजिनाच्या मागचे नाहीतर गिअरबॉक्सच्या पुढचे ऑइल सील गळते आहे. ते तसेच ठेवून टाकलेली नवी प्लेट म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. प्लेट कोरडी पण करपलेली, आणि फ्लायव्हीलवर निळे डाग व बारीक चिरा असतील, तर ती घसरून तापलेली आहे. अशा वेळी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर साफ करून घ्यावा, तो फार खराब असेल तर बदलावा. प्रेशर प्लेटची बोटे एका पातळीत आहेत का तेही पाहावे. मिस्त्री घाईत असतो, त्याला हे आपणच सांगावे लागते.

घसरण्याचे नेहमीचे कारण अगदी साधे आहे. पेडलला मोकळी चाल उरलेली नसते. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होत जाते, रिलीज बेअरिंग बोटांना सतत टेकून राहते आणि प्लेट पुरती आवळली जात नाही. किती चाल हवी ते प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. पाना फिरवायचे काम, खर्च शून्य; पण पुस्तिका पेटीतून बाहेर काढतो कोण? उलट चाल फार झाली तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना खरखरतो.

ड्रायव्हरने पेडलवर पाय ठेवून बसू नये, हे खरेच. पण सगळा दोष त्याच्यावर टाकणे आम्हांस पटत नाही. त्याला पैसे खेपेवर मिळतात, म्हणून ट्रॉलीत मोळ्या वाढतात. आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत भरलेल्या गाड्या अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकत राहतात, त्याचे काय? तिथे जेवढी प्लेट झिजते तेवढी सबंध रस्त्यावर झिजत नसेल. ही रांग लावणे व्यवस्थापनाच्या हातात आहे. नंबराची चिठ्ठी द्यावी, गाड्या बंद करून उभ्या कराव्यात, आणि दहा-दहाच्या गटाने काट्यावर बोलवाव्यात.

यात नुकसान एकट्या वाहनमालकाचे नाही. तोडलेला ऊस रस्त्यात वाळला की काट्यावर वजन घटते आणि उताराही घसरतो. तो तोटा ऊस घालणाऱ्या सभासदाचाच. करार करताना कागदपत्रे तपासतात, तसाच प्रत्येक ट्रॅक्टरचा क्लच आणि ऑइल सील बॉयलर पेटण्याआधी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तपासून द्यावा. वार्षिक सभेत हा विषय सभासदांनी मांडावा, आम्ही पाठिंबा देऊ.