बिनमुदतीचं एक काम

रत्नागिरीत मुदतींना तोटा नाही. आंबा वेळेत उतरायला हवा, पेट्या वाशीला वेळेत पोचायला हव्यात, पावसाआधी आगोटीची कामं उरकायला हवीत. नोकरदारांना मार्चअखेर आहेच. दवाखान्यात रक्तदाब मोजताना "विरंगुळा काय?" असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "वेळ कुठाय, डॉक्टर?"

मुदत जवळ आली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब आणि साखर वर जाते. काम संपल्यावर हे सगळं खाली यायला हवं. पण एकीला लागून दुसरी मुदत आली, तर शरीराला उसंतच मिळत नाही. मग झोप बिघडते, चिडचिड वाढते.

म्हणून माझं मत असं, की रोज एक तरी काम तारखेशिवाय करावं. गोधडीचे चार टाके घालावेत, हार्मोनियमवर एखादं भजन वाजवावं, परसात अबोली लावावी.

2016 साली अमेरिकेत 39 प्रौढांनी 45 मिनिटं चित्रं काढली, मातीकाम केलं. त्यातल्या सुमारे 75 टक्के लोकांचं कॉर्टिसॉल कमी झालं. कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे हा पक्का पुरावा नव्हे. पण 'मला कुठं येतंय' ही सबब मात्र त्याने काढून घेतली.

आपल्याच जिल्ह्यात जन्मलेले पां. वा. काणे मुंबईत वकिली करायचे. एका ग्रंथाची प्रस्तावना म्हणून सुरू झालेल्या त्यांच्या लेखनाचा 'धर्मशास्त्राचा इतिहास' झाला. पहिला खंड 1930 साली आला, शेवटचा 1962 साली, वयाच्या 82व्या वर्षी. इतकं काम धाकाने होत नाही, गोडीनेच होतं, असं मला वाटतं.

मात्र छंदालाही टार्गेट लावू नका. रोज फोटो टाकून लाइक मोजू लागलात, की तीही नोकरीच झाली. गोधडी पुढच्या वर्षी पुरी झाली तरी चालेल.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. छंद जडला म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि आवडीच्या कामातही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन रमत नसेल, तर त्याला आळस समजू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.